सी-शार्पवर उडणारा क्वाडकॉप्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा मी पोटासाठी सी-शार्प या भाषेत प्रोग्राम लिहितो. रात्री घरचे झोपले की सोल्डरिंग आयर्न तापवतो. ही दोन कामं एकाच टेबलावर आली आणि त्यातून आजवर दोन क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचे छोटे ड्रोन, झाले. पहिला नेटड्युइनो प्लस २ या छोट्या संगणक-बोर्डावर उडाला, दुसरा ईएसपी३२ या बोर्डावर नॅनोफ्रेमवर्क (चिपवर सी-शार्प चालवणारं सॉफ्टवेअर) घालून. मधले काही महिने मायक्रोपायथनचे (छोट्या चिपवर चालणाऱ्या पायथनचे) प्रयोगही झाले. ज्याला कळतं तो तेच तेच विचारतो, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

मॅनेज्ड कोड म्हणजे काय? साध्या अर्डुइनोपेक्षा यात वेगळं काय असतं?

अर्डुइनोवर, म्हणजे हौशी लोकांच्या साध्या बोर्डावर, सी++ थेट चिपच्या भाषेत उतरतं आणि चिप ते चालवते. मॅनेज्ड कोडमध्ये मध्ये एक दुभाष्या बसलेला असतो. तुमचा सी-शार्प किंवा पायथनचा प्रोग्राम आधी बाइटकोड (मधल्या टप्प्याची सांकेतिक भाषा) होतो. मग चिपवर बसलेला छोटा रनटाइम तो एकेक ओळ वाचत अमलात आणतो. मेमरी कधी मागायची आणि कधी परत करायची, हे तुम्ही बघायचं नसतं, रनटाइम बघतो. त्या बदल्यात तो मधूनमधून हातातलं काम टाकून झाडू मारतो. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ त्या झाडूत आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष मायक्रोसॉफ्टचा डॉट नेट मायक्रो फ्रेमवर्क. तो त्यांच्या 'स्पॉट' मनगटी घड्याळांच्या कामातून निघाला आणि २००९ मध्ये मुक्तस्रोत झाला. २०१० मध्ये नेटड्युइनो बाजारात आला आणि आमच्यासारख्या ऑफिसातल्या प्रोग्रामरांना एलईडी लुकलुकवायची सोय झाली. आज तोच वारसा नॅनोफ्रेमवर्क चालवतो आहे. मायक्रोपायथन २०१३ च्या किकस्टार्टर मोहिमेतून आलं. त्याच्या पहिल्या पायबोर्डवर एसटीएम३२एफ४०५ ही चिप होती. रेसिंग ड्रोनच्या कित्येक फ्लाइट कंट्रोलरांवर (तोल सांभाळणाऱ्या बोर्डांवर) वर्षानुवर्षं हीच चिप बसत आली आहे, म्हणजे लोखंड तेच, फक्त वरचा सॉफ्टवेअरचा थर वेगळा.

पण असा कोड हळू चालतो ना? कॉप्टर हवेत तोल कसा सांभाळणार?

हळू चालतो, यात शंका नाही. पण कॉप्टरला किती वेग लागतो ते आधी बघा. मल्टीवी ही कॉप्टरचा तोल सांभाळणारी फर्मवेअर १६ मेगाहर्ट्झच्या, २ किलोबाइट रॅमच्या आठ बिटी चिपवर चालायची आणि तिच्यावर हजारो कॉप्टर उडाले. आर्डुपायलट हे तसंच सॉफ्टवेअर जुन्या एपीएम बोर्डावर सेकंदाला १०० फेऱ्या मारायचं (सेन्सर वाचा, हिशोब करा, मोटरला सांगा, ही एक फेरी), पिक्सहॉक हा नवा बोर्ड आल्यावर ४०० झाल्या. बीटाफ्लाइट या फर्मवेअरवाले ८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आठ हजार फेऱ्यांच्या, गोष्टी सांगतात, पण ते पाच इंची प्रॉपचे (पंख्याचे), कोलांट्या मारणारे रेसिंग कॉप्टर. तुमच्या ४५० मिलिमीटरच्या फ्रेमवर दहा इंची प्रॉप असतो आणि तो जड असल्यामुळे त्याचा वेग एका मिलिसेकंदात बदलतच नाही. त्याला हजार वेळा हुकूम देऊन काय फायदा?

माझा नेटड्युइनोवाला १०० हर्ट्झवर उडायचा, थोडा डुलत. ईएसपी३२ वाला २०० हर्ट्झवर, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांना एक फेरी, आणि बऱ्यापैकी शहाण्यासारखा उडतो.

मग अडचण नेमकी कुठे येते?

आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते. गल्ली अरुंद आहे, त्यामुळे ती उभी असेपर्यंत मागचे स्कूटर, रिक्षा, शाळेची व्हॅन सगळे खोळंबतात. गार्बेज कलेक्टर, म्हणजे रनटाइमचा तो झाडूवाला, अगदी तसाच, फक्त ही गाडी घंटा वाजवत नाही आणि तिला ठरलेली वेळही नसते.

तुमचा प्रोग्राम दर फेरीत थोडा थोडा कचरा करतो. एखादी स्ट्रिंग, एखादा नवा ॲरे, एखादी तात्पुरती वस्तू. मेमरी भरत आली की रनटाइम सगळं जागच्या जागी थांबवतो, कोणत्या वस्तू अजून वापरात आहेत ते शोधतो आणि बाकीच्या फेकून देतो. तेवढा वेळ तुमचा तोल सांभाळणारा कोड गोठलेला असतो. कॉप्टर सेकंदाला १०० अंशांच्या वेगाने कलत असेल आणि गाडी २० मिलिसेकंद उभी राहिली, तर तो २ अंश कलून जातो आणि कोणाला पत्ता नसतो. दोन अंशांनी कॉप्टर पडत नाही, दचकतो. खरा घोळ त्यानंतरच्या फेरीत होतो. पीआयडी या तोल सांभाळणाऱ्या सूत्रात पी आत्ताची चूक बघतो, आय साठत आलेली, आणि डी हा भाग 'मागच्या फेरीपासून किती बदललं' ते बघतो आणि त्याला एकदम चौपट बदल दिसतो. तुम्ही वेळेचं अंतर ५ मिलिसेकंद असं कोडात ठोकून बसवलं असेल, तर तो मोटरला नको तेवढा झटका देतो. तो आवरेपर्यंत पुढची गाडी येते.

म्हणून सरासरी विसरा. 'माझी फेरी सरासरी साडेतीन मिलिसेकंदांत होते' असं कोणी सांगितलं की मी विचारतो, सगळ्यात वाईट फेरी किती वेळाची होती? एक ॲरे आधीच राखून ठेवा, त्यात प्रत्येक फेरीचा वेळ लिहीत जा आणि उतरल्यावर सगळ्यात मोठा आकडा छापा. उडताना छापू नका. छापणं हाच मोठा कचरा आहे.

कचरा न करता कोड लिहायचा कसा?

उडायच्या आधी जे लागेल ते सगळं मागून घ्या आणि उडताना काहीही नवीन मागू नका. नियम एवढाच, पण सी-शार्प लिहिणाऱ्या माणसाला तो पाळणं म्हणजे जिलबी समोर ठेवून उपास करणं.

सेन्सर वाचताना दर वेळी 'न्यू बाइट' लिहायची सवय असते. १४ बाइटचा एकच ॲरे सुरुवातीला करा आणि तोच वापरत राहा. डीबगसाठी 'रोल बरोबर' आणि पुढे आकडा असं जोडून लिहिलं की दर जोडणीला नवी स्ट्रिंग जन्माला येते. दोनशे हर्ट्झवर तीन आकडे छापले तर सेकंदाला किमान सहाशे स्ट्रिंग झाल्या. ॲरेलिस्टमध्ये इंट टाकला की तो बॉक्स होतो, म्हणजे त्याच्याभोवती एक वस्तू तयार होते. लॅम्बडा (बिननावाची छोटी फंक्शनं) देखणे दिसतात, पण बाहेरचं चल आत ओढलं की तेही वस्तू घडवतात. कामावर ज्या कोडाला रिव्ह्यूमध्ये शाबासकी मिळते, तोच कोड इथे कॉप्टर पाडतो. शेवटी माझी मुख्य फेरी एका लांबलचक फंक्शनात आली. फील्डमध्ये ठेवलेले आकडे आणि साधे ॲरे, बस्स. ऑफिसात कुणाला दाखवायची लाज वाटेल असा कोड, पण मिनिटांमागून मिनिटं कलेक्टर फिरकत नाही.

अपूर्णांकांचं एक वेगळं दुखणं आहे. ईएसपी३२ मध्ये अपूर्णांकांचं गणित करणारं वेगळं यंत्र आहे, पण ते फक्त सिंगल प्रिसिजनचं. सी-शार्पमध्ये ०.९८ असं लिहिलं की तो डबल, म्हणजे दुप्पट अचूकतेचा, धरला जातो आणि डबलचं गणित सॉफ्टवेअरने, रडतखडत होतं. आकड्यामागे एफ लावायला विसरू नका. प्लस २ च्या आधीच्या नेटड्युइनोवर, म्हणजे ४८ मेगाहर्ट्झच्या एआरएम७ वर, ते यंत्रच नव्हतं. तिथे सगळं पूर्णांकांत, हजाराने गुणून करावं लागे.

आणि मोटर चालू करायच्या अगदी आधी, कॉप्टर जमिनीवर असताना, कलेक्टरला एकदा हाताने बोलावून घ्या. सगळ्या रनटाइममध्ये तशी सोय आहे. रिकाम्या अंगणातून निघालेलं बरं.

सी-शार्प घ्यावं की मायक्रोपायथन?

शिकायला मायक्रोपायथन सोपं. वायर जोडा, ओळ टाइप करा, सेन्सर बोलायला लागतो. पण कॉप्टरच्या दृष्टीने त्यात एक खोच आहे. ईएसपी३२ वर मायक्रोपायथन प्रत्येक अपूर्णांक हीपवर, म्हणजे झाडलोट लागणाऱ्या मेमरीत, ठेवतं. म्हणजे दोन अपूर्णांकांची बेरीज केली तरी नवी वस्तू, म्हणजेच कचरा. कोड कितीही जपून लिहिलात तरी पीआयडीचं गणितच घंटागाडीला आमंत्रण देतं. छोटे पूर्णांक मात्र असा कचरा करत नाहीत, म्हणून तिथे सगळं गणित पूर्णांकांत करायचं किंवा तो भाग व्हायपर डेकोरेटर (फंक्शनवर लावायची एक खूण) लावून थेट मशीनच्या भाषेत उतरवायचा. सी-शार्पमध्ये फ्लोट हा मूळ प्रकार असल्याने ही कटकट नाही.

मायक्रोपायथनमध्ये दुसरा मार्ग असा की दर फेरीच्या शेवटी उरलेल्या वेळात कलेक्टरला आपणच बोलवायचं. कचरा साचू न देता वारंवार झाडलं तर पायबोर्डवर साधारण मिलिसेकंदाच्या आसपास काम होतं. पण म्हणून जास्त रॅमचा बोर्ड घेऊ नका. अंगण जेवढं मोठं, तेवढी झाडायला जागा जास्त. बाहेरून चार मेगाबाइट रॅम जोडलेला ईएसपी३२ या कामाला साध्यापेक्षा वाईट.

तोल सांभाळायला एक थ्रेड (स्वतंत्र चालणारं काम) आणि टेलिमेट्रीला (जमिनीवर माहिती पाठवायला) दुसरा, असं केलं तर?

सगळ्या डॉट नेटवाल्यांना पहिल्या दिवशी हेच सुचतं, मलाही सुचलं होतं. डॉट नेट मायक्रो फ्रेमवर्कमध्ये आणि नॅनोफ्रेमवर्कमध्येही प्रत्येक थ्रेडला पाळीपाळीने २० मिलिसेकंद मिळतात. टेलिमेट्रीचा थ्रेड त्याची पाळी पूर्ण खाऊन बसला तर तोल सांभाळायच्या चार फेऱ्या गेल्या. इथे एकच थ्रेड, एकच फेरी. टेलिमेट्री पाठवायचीच असेल तर दर दहाव्या फेरीला चार बाइट सिरीयलवर ढकला आणि पुढे चला.

कुठला बोर्ड घेऊ? नेटड्युइनो मिळतो का?

नेटड्युइनोच्या मागे लागू नका, त्याचा काळ सरला. ईएसपी३२ घ्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो. दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झ, आणि त्यावर नॅनोफ्रेमवर्क फ्लॅश करायला पाच मिनिटं. उडताना वायफाय बंद ठेवा. त्याचे विजेचे झटके पाच व्होल्टच्या लाइनला सहन झाले नाहीत तर बोर्ड हवेत रीसेट होतो. हे मी अनुभवाने सांगतो, तपशील विचारू नका.

बाकी सामान काय लागतं?

एफ४५० फ्रेम, २२१२ आकाराच्या ९२० ते १००० केव्हीच्या चार मोटर, ३० अँपिअरचे चार ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर), १०४५ प्रॉपच्या दोन जोड्या (चार घ्या, मोडणार आहेत), तीन सेलची २२०० एमएएच लायपो बॅटरी, रिमोट आणि रिसीव्हर, एमपीयू-६०५० सेन्सर (कल आणि फिरण्याचा वेग कळायला). तयार कॉप्टर किलो-सव्वा किलोच्या घरात जातो. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. मोकळ्या मोटरचे दर व्होल्टला किती फेरे, तो आकडा. १००० केव्ही आणि ११.१ व्होल्ट म्हणजे मिनिटाला ११,१०० फेरे, प्रॉप लावला की त्याहून बरेच कमी. दोन मोटर घड्याळाच्या दिशेने आणि दोन उलट फिरतात, कर्णाच्या दोन टोकांवरच्या जोड्या एका दिशेच्या. प्रॉप उलटे बसवून 'उडत का नाही' असं विचारणारे दर महिन्याला एक तरी भेटतात.

मोटरला सिग्नल कोड देतो, मग कोड थांबला की मोटर थांबतात का?

नाही. हे उत्तर दोनदा वाचा.

ईएससीला १ ते २ मिलिसेकंद रुंदीचे पल्स लागतात. एक म्हणजे बंद, दोन म्हणजे पूर्ण जोर. हे पल्स तुमचा कोड स्वतः काढत नाही, चिपमधला हार्डवेअर टायमर काढतो. कोड फक्त रुंदी सांगतो. हे वरदान आहे, कारण घंटागाडी उभी असतानाही पल्स बिनचूक निघत राहतात. आणि शापही आहे, कारण कोड मेला तरी ते निघतच राहतात.

एका रविवारी मला रोलचा (डाव्या-उजव्या कलण्याचा) आकडा उलटा येतोय असा संशय आला. मी पीआयडीच्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम तिथेच थांबवणारी खूण) लावला. प्रॉप काढायचा कंटाळा केला. कॉप्टर टेबलाच्या पायाला बांधला होता आणि थ्रॉटल साधारण तिसरा हिस्सा दिला होता. व्हिज्युअल स्टुडिओने ती ओळ पिवळी केली आणि प्रोग्राम शहाण्यासारखा थांबला. मोटर थांबल्या नाहीत. मी स्टिक खाली ओढली, काही होईना, कारण स्टिक वाचणारा कोडही त्याच पिवळ्या ओळीवर थांबला होता. चार प्रॉप गरगरताहेत, बॅटरीचा पिवळा प्लग त्यांच्या मधोमध, आणि मी माउस हातात धरून बसलोय. शेवटी पलंगावरची आईची गोधडी उचलून वर टाकली. गोधडी गुंडाळली गेली, दोन प्रॉप मोडले, मग प्लग ओढता आला. गोधडीची शिवण अजून दुरुस्त व्हायची आहे आणि त्याचा उल्लेख दर दिवाळीला होतो.

तेव्हापासून ब्रेकपॉइंट असेल तर प्रॉप नाहीत. शिवाय हार्डवेअर वॉचडॉग चालू ठेवतो. ठरलेल्या वेळात फेरीने त्याला हात लावला नाही तर तो चिप रीसेट करतो, पल्स बंद होतात, आणि सिग्नल गेला की ईएससी मोटर थांबवतो. तुमचा ईएससी हे खरंच करतो का, ते प्रॉपशिवाय टेबलावर तपासून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे ईएससी वेगवेगळं वागतात. सगळ्या फेरीभोवती ट्राय-कॅच (प्रोग्राममधली चूक पकडणारी रचना) हवाच, आणि कॅचमध्ये पहिली ओळ चारही पल्स १ मिलिसेकंदावर आणणारी.

पल्सची फ्रिक्वेन्सी किती ठेवू?

ईएससी झेपवत असेल तर ४०० हर्ट्झ. तेव्हा एक आवर्तन अडीच मिलिसेकंदांचं होतं आणि आपली रुंदी ४० ते ८० टक्क्यांत खेळते. ५० हर्ट्झवर, म्हणजे सर्व्होच्या चालीवर, तीच रुंदी ५ ते १० टक्क्यांत मावते. लायब्ररी जर ड्यूटी, म्हणजे ही टक्केवारी, ० ते १०२३ एवढ्याच पायऱ्यांत घेत असेल, तर ५० हर्ट्झवर बंदपासून पूर्ण जोरापर्यंत जेमतेम ५१ पायऱ्या उरतात, ४०० वर ४१० मिळतात. कॉप्टर हवेत पायऱ्या-पायऱ्यांनी थरथरतोय असं वाटलं की आधी हे बघा, पीआयडीला नंतर शिव्या द्या.

एमपीयू-६०५० वर भरवसा ठेवावा का? तो तर जुना झाला.

जुना आहे, स्वस्त आहे, चालतो. पत्ता हेक्स ६८. चालू होताना तो झोपलेला असतो, हेक्स ६बी रजिस्टरमध्ये शून्य लिहून उठवावा लागतो. हेक्स ३बी पासून सलग १४ बाइट एकाच वाचनात घ्या. त्वरणावरून कल सांगणारं तीन अक्षांचं अ‍ॅक्सिलरोमीटर, मग तापमान, मग फिरण्याचा वेग सांगणारा तीन अक्षांचा जायरो, या क्रमाने येतात. ४०० किलोहर्ट्झ आयटूसीवर (सेन्सर आणि चिपमधल्या दोन तारांच्या लाइनवर) सगळं मिळून १७ बाइट जातात-येतात, दर बाइटला ९ ठोके, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिसेकंद. सहा अक्ष वेगवेगळे वाचाल तर दर वाचनामागे दुभाष्याचा खर्च वेगळा मोजावा लागतो.

वाचन झालं की नाही हे दर वेळी तपासा. नॅनोफ्रेमवर्क आयटूसीचा निकाल परत देतं, तो न बघता पुढे गेलात तर मागच्या फेरीचेच बाइट ताजे म्हणून वापरले जातात.

मोटरची थरथर गाळायला आतला लो-पास फिल्टर लावा. पण ४२ हर्ट्झवर लावलात तर जायरो ४.८ मिलिसेकंद उशिरा बोलतो. म्हणजे माझ्या एका अख्ख्या फेरीएवढा उशीर. त्यापेक्षा आधी प्रॉप बॅलन्स करा. हलकं पातं शोधून दुसऱ्या पात्याच्या पाठीला सँडपेपर मारायला पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्याने जे सुधारतं ते कुठल्याही फिल्टरने सुधारत नाही.

०.९८ आणि ०.०२ हे आकडे सगळीकडे दिसतात. तेच वापरू का?

ते कॉम्प्लिमेंटरी फिल्टरचे, म्हणजे दोन सेन्सरांचं म्हणणं मिसळणाऱ्या सूत्राचे, आकडे. जायरो पटकन सांगतो पण हळूहळू सरकत जातो. अ‍ॅक्सिलरोमीटर सरकत नाही पण थरथरीने वेडा होतो. म्हणून ९८ टक्के जायरोचं ऐकायचं आणि २ टक्के दुसऱ्याचं. मात्र हे ९८ टक्के दर फेरीला लागू होतात, दर सेकंदाला नव्हे, आणि हे नेमकं कोणी सांगत नाही. १०० हर्ट्झवर ०.९८ म्हणजे फिल्टर साधारण अर्धा सेकंद जायरोच्या शब्दावर राहतो. २०० हर्ट्झवर तोच आकडा ठेवला तर पाव सेकंदातच अ‍ॅक्सिलरोमीटरची बडबड आत येते. मी बोर्ड बदलला, फेऱ्या दुप्पट केल्या, आकडा तसाच ठेवला, आणि कॉप्टर आधीपेक्षा वाईट उडायला लागला. आठवडाभर मोटर, ईएससी, नशीब, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आता ०.९९८ आहे, म्हणजे साधारण अडीच सेकंद.

पीआयडीचे आकडे द्या ना.

माझे आकडे तुमच्या कॉप्टरला बसणार नाहीत. दुसऱ्याचा चष्मा घालून वाचल्यासारखं होईल. पद्धत सांगतो. कॉप्टरच्या मध्यातून एक दांडी ओवा, ती दोन खुर्च्यांच्या पाठीवर टेकवा, म्हणजे तो एकाच अक्षावर कलेल. आधी फक्त वेगाचा लूप लावा, 'सेकंदाला किती अंश' हा. कोनाचा लूप नंतर त्याच्यावर बसतो. आय आणि डी शून्य ठेवून पी वाढवत न्या, कॉप्टर भरभर थरथरायला लागला की तिथून निम्म्याच्या जरा वर या. मग थोडा डी. मग थोडा आय, आणि त्याला मर्यादा घाला. नाहीतर जमिनीवर उभ्या-उभ्या तो साठत जातो आणि उडताक्षणी कॉप्टर एका अंगावर लोळतो. वेळेचं अंतर मोजून वापरा, गृहीत धरू नका. एखादी फेरी १० मिलिसेकंदांच्या वर गेली तर त्या फेरीपुरता डी सोडून द्या.

रिसीव्हरचे चॅनेल वाचताना आकडे नाचतात. का?

कारण तुम्ही इंटरप्टने पल्सची रुंदी मोजताय. मॅनेज्ड कोडमध्ये इंटरप्ट झाला की तुमचं फंक्शन लगेच चालत नाही, रांगेत उभं राहतं. आयबस या सिरीयल पद्धतीने आकडे देणारा रिसीव्हर घ्या. एका वायरवर ११५२०० वेगाने ३२ बाइटचं पाकीट येतं, सगळे चॅनेल त्यात, शेवटी चेकसम (चूक पकडणारा आकडा). सिरीयल बफर हार्डवेअर सांभाळतं, आपण सवडीने वाचायचं. रिमोट बंद केल्यावर रिसीव्हर थ्रॉटल खाली आणतो का, ते बांधणी झाल्यावर पहिल्यांदा तपासा. काही रिसीव्हर शेवटचाच आकडा देत बसतात.

एवढा खटाटोप कशाला? तयार फ्लाइट कंट्रोलर का घेत नाही?

फोटो काढायला किंवा शेतावर फिरवायला कॉप्टर हवा असेल तर तयारच घ्या, मी काही धर्मप्रचारक नाही. मधला मार्गही आहे, आणि दुसऱ्यांना मी तोच सुचवतो. तोल सांभाळणं तयार फ्लाइट कंट्रोलरच्या सी कोडवर सोडा, आणि तुमचा सी-शार्पचा बोर्ड त्याला सिरीयलवरून एमएसपी किंवा मॅव्हलिंक या ड्रोनच्या बोलीत 'इतका कल, इतका जोर' एवढंच सांगू दे. तिथे घंटागाडी पन्नास मिलिसेकंद उभी राहिली तरी कोणाचं अडत नाही. नॅनोफ्रेमवर्कमध्ये फक्त आतली फेरी सी++ मध्ये लिहून सी-शार्पमधून बोलावण्याचीही सोय आहे. मी अजून पूर्ण सी-शार्पवर का उडवतो, याचं कारण हट्ट.

परवानगी लागते का?

ड्रोन नियम, २०२१ वाचा. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. एफ४५० मायक्रोत येतो. धंद्यासाठी नसेल तर मायक्रोला पायलटचा परवाना लागत नाही, पण कुठे उडवायचं याचे नियम सगळ्यांना आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा भाग असेल तिथे ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. नोंदणीचं आणि नकाशाचं उडवायच्या आधी प्रत्येक वेळी तपासा, बदल होत असतात. पुण्यात लोहगावला हवाई दल आणि खडकवासल्याला एनडीए, मुंबईत पोलिसांचे मनाईहुकूम वेळोवेळी निघतात. 'टेकडीवर कोण बघतंय' असं म्हणू नका. आणखी एक, फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन किंवा जुळणीचा संच मागवायला बंदी आहे, सुटे भाग आणता येतात.

बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी तयार कोड मिळेल का?

नाही.

पावसाळ्यात उडवता येतो का?

पावसाळा सोल्डरिंगचा मोसम. ओल्या हवेत ईएससी उघडे फिरवायचे नसतात. जून ते सप्टेंबर दांडीवर पीआयडी लावा, दसऱ्यानंतर मैदानात जा. तोवर लायपो पूर्ण भरून ठेवू नका, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली लायपो 'अजून एक फेरी मारेल' म्हणून वापरणारा मित्र असेल तर त्याच्यापासून लांब उभे राहा.

एका चार्जमध्ये किती वेळ उडतो?

२२०० एमएएचवर सात-आठ मिनिटं. त्यातली दोन मी मैदानात धावत त्याच्यामागे जातो, कारण बोर्डावर जीपीएस नाही आणि वारा असतो.